आजोबांची बीएसए एम२०: नव्यासारखी करावी, की आहे तशी चालू करावी?

कृष्णाकाठ
नमस्कार. सांगलीच्या गावभागातला आमचा वाडा पाडायला काढलाय. पावसाळ्याच्या आत सामान हलवायचं आहे. पडवीत आजोबांची मोटरसायकल उभी आहे, इंग्लंडच्या बीएसए कंपनीची एम२०. महायुद्धानंतर लष्कराच्या डिस्पोजलमधून घेतलेली, असं घरात सगळे सांगतात. आजोबांचा हळदीचा व्यापार होता. वसुलीला जत-कवठेमहांकाळपर्यंत याच गाडीवर जायचे. माझ्या वडिलांच्या लग्नानंतर ती बंद पडली आणि पडवीतच राहिली. २०१९ च्या पुरात ती पूर्ण पाण्याखाली होती. त्यानंतर कोणी हात लावलेला नाही.

आजची अवस्था अशी. किक जागची हलत नाही. मागचं मडगार्ड खालून सडलंय. सीटचं चामडं गेलं, स्प्रिंगा शाबूत आहेत. हेडलाइट दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा आहे. टाकीवर काळा रंग, तो उडालाय तिथे खालून हिरवट आणि तपकिरी दिसतं. आर.सी. बुक आहे, आजोबांच्याच नावावर.

घरात तीन मतं आहेत. काका म्हणतात विकून टाक. एक गृहस्थ येऊन पाहून गेलेत आणि जशी आहे तशी उचलायला तयार आहेत. धाकट्या भावाला पूर्ण रिस्टोअर करायची आहे, काळाभोर रंग, हँडलपासून सायलेन्सरपर्यंत क्रोम. आई म्हणते, आवाज ऐकला तरी पुरे. विकायची नाही एवढं माझं पक्कं आहे. पण कुठवर जायचं ते कळत नाही. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा.

टपरीवाला
फोटो टाका आधी! आणि ते गृहस्थ परत आले तर चहा पाजा, गाडीची किल्ली मात्र देऊ नका.

व्हिटवर्थ
@टपरीवाला, या गाडीला किल्लीच नसते. मॅग्नेटोवर चालते, म्हणजे प्लगच्या ठिणगीची वीज बॅटरीशिवाय तिथेच तयार होते, किक मारली की सुरू. म्हणून तर ती जपून ठेवायला हवी. :)

कृष्णाकाठ, रंगाचं नंतर बघू. आधी भावाला सांगा की किकवर उभं राहायचं नाही. पुराचं पाणी म्हणजे गाळ आलाच. कार्ब्युरेटरच्या तोंडातून, सायलेन्सरमधून तो आत गेलेला असणार. जोर लावला तर रिंगा तुटतील. प्लग काढा, डिझेलमध्ये थोडं इंजिन ऑइल मिसळून आत ओता आणि मुरू द्या. पातळी उतरली की पुन्हा ओता. घाई नको.

मग इंजिनाच्या पोटाखालची चार नटांची प्लेट उघडा. या इंजिनात ऑइलची टाकी वेगळी असते. गाडी नुसती उभी राहिली तरी त्या टाकीतलं ऑइल हळूहळू खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पोटात उतरतं. एरवी हा या गाड्यांचा दोष मानतात, पण तुमच्या बाबतीत तोच कामी आला असेल. आतली बेअरिंगं ऑइलमध्ये बुडालेली असतील तर पाण्याने फारसं नुकसान केलेलं नसेल. प्लेट उघडल्यावर काळं घट्ट ऑइल पडलं तर देवाला नारळ फोडा. तपकिरी चिखल पडला तर इंजिन पूर्ण खोलायचं, दुसरा रस्ता नाही.

एम२० साइड व्हॉल्व्ह आहे. व्हॉल्व्ह हेडमध्ये नसतात, बाजूला ब्लॉकमध्येच असतात. त्यामुळे हेड उतरवणं सोपं. ४९६ सीसी, ताकद जेमतेम १३ हॉर्सपॉवर, कॉम्प्रेशन पाचाला एक. त्यामुळे रणांगणावर मिळेल ते पेट्रोल पिऊन चालायची. साधं इंजिन आहे, दुरुस्त होतं.

मॅग्नेटो मात्र गेला असं धरून चाला. त्याच्या वायंडिंगवरचं लाखेचं लुकण वयाने मऊ पडतं, कंडेन्सर निकामी होतो आणि तुमचा तर पाण्यात राहिलाय. चांगल्या कारागिराकडून नव्याने वायंडिंग करून घ्या, लोहचुंबकही पुन्हा भारून घ्या. यात पैसे वाचवले तर गाडी गार असताना सुरू होईल आणि दहा किलोमीटरवर गरम होऊन बंद पडेल.

आणि माझं नाव का असं आहे ते आता सांगतो. या गाडीला मिलिमीटरचे पाने लागत नाहीत. व्हिटवर्थचे आणि सायकल थ्रेडचे, म्हणजे जुन्या इंग्लिश इंची मापांचे नट आहेत. बारा-तेराचा पाना ठोकून बसवला की नटाचं डोकं गोल झालंच म्हणून समजा. पाने आधी घ्या, बाकी सगळं नंतर.

जावा_६४
व्हिटवर्थ यांचं यंत्राबद्दलचं सगळं मान्य. पण रंगाचं नंतर बघू म्हणत इथे शेवटी सगळे ‘गंज तसाच ठेवा’ या मुक्कामाला येतात, हे मी बऱ्याच धाग्यांवर पाहिलंय, म्हणून आधीच बोलतो.

गंजाला इतिहास म्हणणं मला पटत नाही. गंज ही चालू प्रक्रिया आहे. आज मडगार्ड खाल्लं, उद्या टाकीचा तळ खाईल. माझ्या मामांची जावा मी अगदी शेवटच्या वॉशरपर्यंत खोलून केली. मैसूरला आयडियल जावाच्या कारखान्यातून निघाली तेव्हा जशी असेल तशी. मामा तोवर अंथरुणाला खिळले होते. अंगणात गाडी आणून लावली तेव्हा त्यांनी खिडकीतून ओळखली. पत्र्यावर गंज असता तर त्यांना आपली गाडी दिसली असती का? त्यांच्या आठवणीतली गाडी चमकणारीच होती ना.

कृष्णाकाठ, तुमच्या भावाचं मत उडवून लावू नका.

मंगला_मिरज
जावा_६४, तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं.

मला यंत्रातलं फार कळत नाही, माझे वडील एस.टी.च्या वर्कशॉपात होते एवढीच ओळख. पण एक विचारू का? आजोबांनी लष्कराकडून गाडी घेतली आणि वर काळा रंग दिला. म्हणजे कारखान्याचा रंग खाली आहे आणि आजोबांचा वर. रिस्टोअर करताना यातला कोणता ‘खरा’ धरायचा? लष्कराचा रंग दिला तर आजोबा पुसले जातात. नवा काळा द्यायचा तर सगळं खरवडावं लागेल, मग दोन्ही गेले.

बर्मिंगहॅमकर
मंगलाताईंनी नेमकं बोट ठेवलं.

मी गेली बरीच वर्षं या गाडीच्या माहेरी राहतो. बीएसएचा कारखाना इथे बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ भागात होता. नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मन विमानांनी त्यावर बॉम्ब टाकले, रात्रपाळीचे ५३ कामगार इमारतीखाली गाडले जाऊन गेले. तरीही युद्ध संपेपर्यंत एम२० सव्वा लाखाच्या आसपास बनल्या. जड आणि संथ गाडी, मागे सस्पेन्शन नाही, जे काही उसळायचं ते सीटच्या स्प्रिंगांवर. पण निरोप्या शिपायाला रस्त्याच्या कडेला बसून स्वतः दुरुस्त करता यायची, म्हणून लष्कराने ती शेवटपर्यंत सोडली नाही.

त्यामुळे इथे इंग्लंडात एम२० दुर्मिळ नाही. पिस्टन, रिंगा, गॅस्केट, केबल, क्लचप्लेटा, सगळं आजही नवं मिळतं. कस्टम आणि टपालखर्च धरा, पण सुट्या भागांसाठी अडणार नाही. दुर्मिळ आहे ती हिच्यासारखी, म्हणजे जिचे थर अजून अंगावर आहेत अशी गाडी. इथल्या बहुतेक गाड्या केव्हाच ब्लास्टिंग करून (वाळूच्या माऱ्याने रंग उडवून) एकसारख्या हिरव्या झाल्या.

आता मुद्द्याचं. युद्धकाळात लष्कराचे रंग बदलत गेले: आधी खाकी हिरवा, मग तपकिरी, १९४४ पासून ऑलिव्ह. टाकीवर प्रत्येक गाडीचा लष्करी क्रमांक रंगवलेला असायचा, ‘सी’ या अक्षराने सुरू होणारा. काळ्या रंगाखाली तो असू शकतो. टाकीच्या बाजूला एका छोट्या भागात, पाणी लावून, हजार नंबरच्या पॉलिश पेपरने अगदी हलक्या हाताने घासून बघा. एक थर उतरला की थांबा. पेंट रिमूव्हर लावू नका, सगळे थर एकदम जातील.

आणखी एक: फूटरेस्ट बघा. १९४२ मध्ये जपानने मलाया घेतल्यावर रबराचा तुटवडा पडला. त्यानंतरच्या गाड्यांना नुसते लोखंडी फूटरेस्ट आणि हँडलला कॅनव्हासच्या मुठी आल्या. तुमच्या गाडीला फूटरेस्टवर रबर नसेल तर ते हरवलंय असं समजून नवं बसवू नका. क्रोमचं तर नावच नको. लष्करी एम२० च्या हँडलवरसुद्धा रंगच होता.

टपरीवाला
हा धागा वाचून मी माझ्या स्प्लेंडरची टाकी घासायला घेणार होतो, बायकोने पेपर काढून घेतला.

पंचवटी
भर घालतो. जुन्या वाहनांच्या क्लबांची फिवा नावाची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. त्यांची ट्यूरिन सनद आहे, तिच्यात हाच क्रम सांगितलाय: आधी आहे ते जतन करा, नाइलाज असेल तिथेच पुनर्निर्मिती करा, आणि जे बदललं त्याची नोंद ठेवा. किल्ले-देवळांच्या बाबतीत आपण सिमेंट थापणाऱ्यांवर चिडतो ना, तसंच हे.

जावा_६४
@पंचवटी, देवळात बसून कोणी ताशी साठच्या वेगाने जात नाही. गाडीचे ब्रेक, आरे, फोर्कच्या पिना जीवाशी निगडित आहेत.

व्हिटवर्थ
जावा_६४, यावर आपलं भांडण नाहीच. ब्रेक लायनर, आरे, बेअरिंगं, टायर, केबल, वायरिंग यांत जतन वगैरे काही नाही, नवंच टाकायचं. पुढचा फोर्क गर्डर प्रकारचा आहे, त्याच्या पिना आणि बुश हमखास झिजलेल्या असतात, त्या करायच्याच. चेसिसला कुठे तडा आहे का तेही तपासून घ्यायचं. मी फक्त पत्र्याच्या रंगाबद्दल बोलतोय. गंजाचं म्हणाल तर सैल गंज ऑइल लावून बारीक स्टील वूलने काढायचा, वर मेण चोळायचं, वर्षातून दोनदा. कोरड्या जागेत ठेवलेली गाडी अशी वर्षानुवर्षं टिकते.

पल्सर_ते_पंडुरंग
एक बाळबोध प्रश्न. एवढं करण्यापेक्षा १२ व्होल्टचं वायरिंग, सीडीआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशन) आणि पुढे डिस्क ब्रेक टाकला तर रोज वापरता येईल ना?

सुहास_वकील
डिस्क ब्रेकच्या आधी कागद बघू, कारण त्यावर बरंच अवलंबून आहे.

१. मालक हयात नाहीत, म्हणजे वारसांच्या नावावर करून घ्यायची. त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची संमती. काकांची संमती आत्ताच लेखी घ्या, मनं चांगली आहेत तोवर.

२. जुना तीन अक्षरी नंबर असेल तर तो ऑनलाइन प्रणालीत नसण्याची दाट शक्यता. आर.टी.ओ.त बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुन्या नोंदीची ऑनलाइन भर, करून घ्यावी लागते. आर.सी. बुकाची मूळ प्रत कोणाच्याही हातात देऊ नका, एजंटाच्या तर नाहीच.

३. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात असलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात येते. नवी नोंदणी २०,००० रुपये, १० वर्षांसाठी, पुढे नूतनीकरण ५,०००. नव्या नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, पण ज्यांची आधीच नोंदणी आहे त्यांना जुना नंबर ठेवता येतो. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यासाठीच रस्त्यावर आणता येते.

यातली अट लक्षात घ्या: चेसिस, बॉडी किंवा इंजिनात फेरफार केलेला चालत नाही. म्हणून @पल्सर_ते_पंडुरंग, डिस्क ब्रेक विसरा.

रोज चालवायची असेल तर नेहमीचं रिपासिंग, फॉर्म २५, थकलेली रक्कम आणि पर्यावरण कर. दोन्हींतला कोणता मार्ग हे आधी ठरवा, मगच काम सुरू करा, आणि इंजिनावरचा कुठलाही नंबर घासला जाईल असं काही करू नका.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. आई रोज रात्री विचारते, ‘तुझ्या लोकांनी आज काय सांगितलं?’

प्लेट उघडली. काळं, डांबरासारखं ऑइल पडलं. चिखल नाही! व्हिटवर्थ, नारळ फोडला.

टाकी घासली. काळ्याखाली आधी गडद हिरवा, त्याखाली तपकिरी आणि तपकिरीवर पांढरट रंगात ‘सी’ आणि पुढे आकडे. शेवटचे दोन पुसट आहेत. भाऊ बराच वेळ टाकीसमोर बसून होता, काही बोलला नाही. फूटरेस्ट लोखंडी आहेत.

आता वाईट बातमी. इंजिनाचा नंबर सिलिंडरच्या खाली डाव्या बाजूला सापडला, चेसिसचाही सापडला. दोन्ही ‘डब्ल्यूएम२०’ने सुरू होतात, पण पुढचे आकडे जुळत नाहीत. काका म्हणतात, इंजिन बदललेलं आहे, आता या गाडीला किंमत नाही. येऊन गेलेले गृहस्थही फोनवर तेच म्हणाले आणि आधीचा आकडा निम्म्यावर आणला.

बर्मिंगहॅमकर
थांबा! ही वाईट बातमी नाहीच. एम२० च्या चेसिसचे आणि इंजिनाचे नंबर कारखान्यातच वेगवेगळे पडायचे, कारण दोन्हींची क्रमवारी स्वतंत्र होती. जुळणारे नंबर दिसले असते तर मला शंका आली असती की कोणीतरी नंतर ठोकलेत. आर.सी. बुकात जे दोन नंबर आहेत त्यांच्याशी ताडून बघा.

आणि तपकिरीवर लष्करी क्रमांक आहे म्हणजे फारच छान. तपकिरी खाली आणि गडद हिरवा वर, हा क्रमही युद्धाच्या वर्षांशी जुळतो. आता तिथे पेपर लावू नका. पुसट आकडे तिरप्या उजेडात फोटो काढून वाचता येतात.

कृष्णाकाठ
ताडले. आर.सी. बुकातले दोन्ही नंबर तंतोतंत तेच आहेत.

टपरीवाला
त्या गृहस्थांना आता चहासुद्धा नको.

मंगला_मिरज
काकांना हे नीट समजावून सांगा हो, चिडून नको. त्यांना खरंच तसं वाटलं असेल.

उद्यमनगर
कोल्हापूरहून लिहितोय, आमचं लेथचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासून. ब्लॉकला बोअर मारणं, स्लीव्ह टाकणं, व्हॉल्व्ह गाइड करणं, फोर्कच्या पिना आणि बुश बनवणं, हे सगळं उद्यमनगरात होतं. इंग्लंडहून काय मागवायचं आणि इथे काय करायचं ते आधी ठरवा. पिस्टन आणि रिंगा मागवा. बुश, पिना, स्पेसर इथेच करा.

एक अनुभव सांगतो. एका गिऱ्हाइकाने असाच जुना ब्लॉक दुसरीकडे नेला होता. तिथे हातात पिस्टन यायच्या आधीच बोअर मारून ठेवला, मग त्या मापाचा पिस्टन कुठे मिळेना. शेवटी आम्ही स्लीव्ह टाकून दिली. पिस्टन टेबलावर असल्याशिवाय ब्लॉकला हात लावू देऊ नका, आम्हालासुद्धा.

व्हिटवर्थच्या थ्रेडचे टॅप-डाय आमच्याकडे आहेत. किर्लोस्करवाडीतून निवृत्त झालेले एक फिटर येऊन बसतात, त्यांचा हात याच थ्रेडवर बसलाय. बोल्ट फेकू नका, जुनेच साफ करून वापरू.

पल्सर_ते_पंडुरंग
उद्यमनगर, येताना मिसळ कुठली खावी तेही सांगा.

उद्यमनगर
दुकानात या, आम्ही नेतो. इथे नाव लिहिलं तर धागा दोनशे प्रतिसादांवर जाईल आणि गाडी राहील बाजूला.

नाशिकची_अनुया
पेट्रोलचा मुद्दा कोणी काढला नाही. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या नळात बुचाचं वॉशर असतं, टाकीच्या सांध्यांना जुनी डाक (सोल्डर) असते. इथेनॉल ओलावा धरतं, गाडी उभी राहिली की आतून गंजते. ऑक्टेनची या इंजिनाला चिंता नाही. पण टाकीत पेट्रोल ठेवून गाडी उभी करू नका. फेरी झाली की नळ बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत चालू द्या आणि महिनाभर काढणार नसाल तर टाकीही रिकामी करा. टाकीच्या आतला गंज काढताना बाहेर ॲसिड ओघळू देऊ नका, नाहीतर तुमचा तो ‘सी’ जाईल.

जावा_६४
टाकीवरचा फोटो पाहिला. माझं मत बदललं असं म्हणणार नाही, मामांच्या जावाबद्दल मी आजही तेच करेन, कारण तिच्या रंगाखाली दुसरं काही नव्हतं. पण या टाकीला मी स्वतः ब्लास्टिंगची बंदूक लावू शकणार नाही. मागच्या मडगार्डचं काय? ते तर सडलंय.

व्हिटवर्थ
सडलेला भाग तेवढाच कापून त्याच जाडीचा पत्रा वेल्ड करायचा आणि नव्या तुकड्यावर मॅट काळा मारायचा. तो वेगळा दिसला तरी हरकत नाही. कापलेला तुकडा आणि आधीचे फोटो जपून ठेवा. भावाला नवं काही करायचं असेल तर सीट त्याच्याकडे द्या. तिथे मूळ चामडं उरलेलंच नाही, चांगल्या मोच्याकडून जाड चामड्याचं करून घ्यावं. तसाच हेडलाइट. त्या काळचा मिळाला तर उत्तम, आणि शोधाशोधीत त्याचं मन रमेल.

कृष्णाकाठ
ठरलं. यंत्र पूर्ण करायचं, रंगाला हात लावायचा नाही. आजोबांचा काळा रंग आहे तिथे आहे, टाकीवर घासलेली चौकट तशीच राहील. भाऊ कबूल आहे. त्याने सीट आणि हेडलाइट घेतलाय आणि कालपासून जुन्या बाजारात काय मिळतं याचे फोन सुरू आहेत. काकांनी संमतीवर सही केली. त्यांची एकच अट आहे, पहिली फेरी त्यांची. ते सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत, तेव्हा यावर घरात दुसरी बैठक होईल.

नोंदणी व्हिंटेजमध्येच करायची, जुना नंबर ठेवून. रोज चालवायची नाहीच आहे.

शनिवारी गाडी टेम्पोतून कोल्हापूरला जातेय. व्हिटवर्थ, इंजिन चेसिसमधून इथेच उतरवू की गाडी पूर्ण नेऊ?

व्हिटवर्थ
पूर्ण न्या. उतरवायच्या आधी प्रत्येक केबल कुठून कुठे जाते त्याचे फोटो काढा, डाव्या हातावरची मॅग्नेटो ॲडव्हान्सची (ठिणगीची वेळ मागेपुढे करणारी) केबल विशेष करून. चाकं दोरीने बांधा, पण दोरी टाकीवरून नेऊ नका. टाकी उतरवून गोधडीत गुंडाळून पुढे ड्रायव्हरशेजारी ठेवा.

उद्यमनगर
आणि टेम्पोवाल्याला सांगा, शनिवारी दुपारी दोनच्या आत या. नंतर फिटरकाका घरी जातात.